प्लॉट आपला, पण घर किती मोठं बांधायचं ते आधीच कुणीतरी लिहून ठेवलंय

मागच्या अंकात मी अमेरिकेत प्लॉट घेऊन स्वतः घर बांधण्याबद्दल लिहिलं होतं आणि त्यात ओघात एक वाक्य होतं की डीड रिस्ट्रिक्शन्स, म्हणजे प्लॉटच्या कागदात आधीच घातलेली बांधकामावरची बंधनं, वाचल्याशिवाय सही करू नका. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी वकील नाही, ह्यूस्टनच्या आसपास वीसेक वर्षं घरांचे नकाशे काढतेय, त्यामुळे हे कागद रोज हातात असतात आणि त्या अनुभवातून सांगतेय. ज्यांचं प्रकरण नोटिशीपर्यंत गेलंय त्यांनी मात्र प्रॉपर्टीच्या वकिलाला कागद दाखवाच.

प्रश्न: ताई, आम्ही केटीच्या पुढे ब्रुकशायरच्या बाजूला पाऊण एकराचा प्लॉट घेतलाय. आम्ही दोघं आणि एक मुलगी, १,६०० स्क्वेअर फुटांचं घर आम्हाला भरपूर झालं. आता बिल्डर म्हणतो सबडिव्हिजनच्या, म्हणजे प्लॉट पाडलेल्या या वस्तीच्या, कागदात कमीत कमी २,४०० लिहिलंय. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन विचारलं तर ते म्हणाले आमचा असा काही नियम नाही. काउंटीचीच हरकत नाही तर अडवणार कोण?

शेजारी अडवू शकतो. समोरचा, मागचा, दोन गल्ल्या सोडून राहणारा, सबडिव्हिजनमधला कुठलाही प्लॉटवाला, आणि एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, तर अडवेलच.

काउंटीच्या माणसाने तुम्हाला खरं तेच सांगितलं. टेक्सासात काउंटीला झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधायचं ते ठरवायचे अधिकार जवळपास नाहीतच, सेप्टिक म्हणजे मैल्याची टाकी कुठे बसणार, प्लॉट पुराच्या पट्ट्यात, फ्लडप्लेनमध्ये येतो का, ड्राइव्हवे रस्त्याला कुठे लागतो एवढंच ते बघतात. घराचा आकार हा त्यांचा विषयच नाही. तो ठरवलाय ज्याने शेत विकत घेऊन प्लॉट पाडले त्या डेव्हलपरने, आणि त्याने पहिला प्लॉट विकायच्या आधी काउंटी क्लर्ककडे एक डिक्लरेशन नोंदवून ठेवलंय, त्याला कोणी सीसी अँड आर म्हणतं, कोणी कॉव्हेनंट्स, कोणी डीड रिस्ट्रिक्शन्स. हा करार जमिनीला चिकटलेला असतो, आपल्याकडे शेत विकलं तरी बांधावरची वहिवाटीची वाट जशी तिथेच राहते तसा. तुम्ही त्याच्यावर सही केली नसेल, वाचलाही नसेल, पण तो रेकॉर्डवर होता आणि तुम्ही जमीन घेतलीत म्हणजे तुम्हाला माहीत होतं असंच कोर्ट धरतं.

आपल्या लोकांचा इथे घोळ का होतो त्याचं कारण मला तरी एकच दिसतं. पुण्यात, नाशकात आपण आर्किटेक्टकडे जातो तेव्हा पहिला प्रश्न असतो एफएसआय किती मिळेल, म्हणजे जास्तीत जास्त किती बांधता येईल. सगळी वरची मर्यादा. छोटं बांधलं तर कोणाचं काय जातंय, उलट मोकळी जागा राहिली म्हणून लोक कौतुकच करतात. हेच डोकं घेऊन आपण इकडे येतो आणि इकडचा कागद खालची मर्यादा सांगतो, ती बघायचं आपल्याला सुचतच नाही. माझ्याकडे आलेल्या किती जोडप्यांनी प्लॉटची माती तपासली, शाळा बघितली, मंदिर किती मैलांवर ते बघितलं, पण चाळीस-पन्नास पानांचं डिक्लरेशन उघडलं नव्हतं.

आता तुमचं काय करता येईल. आधी बिल्डरच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, डिक्लरेशन स्वतः काढा. क्लोजिंगच्या म्हणजे खरेदीखताच्या वेळी मालकी तपासणाऱ्या टायटल कंपनीने जे टायटल कमिटमेंट दिलं त्याच्या शेड्यूल बी मध्ये पहिल्याच कलमात रिस्ट्रिक्टिव्ह कॉव्हेनंट्स कुठल्या नंबराखाली नोंदलेत ते असतं, त्या नंबराने काउंटी क्लर्ककडे कॉपी मिळते. नंतर झालेली सगळी अमेंडमेंट्सही काढा, कारण एखाद्या सेक्शनसाठी आकडा बदललेला असतो. मग त्या २,४०० च्या पुढचे मागचे शब्द वाचा, सगळा जीव तिथे आहे. लिव्हिंग एरिया म्हटलंय, एअर कंडिशन्ड म्हटलंय, की नुसतं अंडर रूफ म्हटलंय? अंडर रूफ असेल तर गॅरेज आणि पोर्च धरता येतात आणि तुमचं १,६०० चं घर, दोन गाड्यांचं गॅरेज आणि मागचा मोठा पोर्च मिळून कदाचित तिथे पोहोचेलही. पण बहुतेक ठिकाणी गॅरेज, पोर्च, पॅटिओ वगळून असंच लिहिलेलं असतं. दुमजली घराला कधी कधी दोन आकडे असतात, एकूण इतकं आणि त्यातलं तळमजल्यावर कमीत कमी इतकं. माप भिंतीच्या बाहेरून की आतून हेही बघा, बाहेरून मोजायची पद्धत असेल तर थोडे फूट तिथेच सुटतात.

हे मी इतकं पोटतिडकीने का सांगतेय तर माझ्या स्वतःच्या घराला हेच झालं. आमच्याकडे मिनिमम २,००० होतं, माझा नकाशा २,१४० चा, मी निश्चिंत. त्यात १९० फुटांचा झाकलेला पोर्च धरलेला होता आणि आमच्या कागदात पोर्च चालत नव्हता, म्हणजे खरं घर १,९५० चं. फाउंडेशनचे फॉर्म लागले होते, काँक्रीटचा ट्रक चार दिवसांनी यायचा होता, आणि एचओएच्या नकाशे तपासणाऱ्या आर्किटेक्चरल कमिटीचं पत्र आलं. रोज नकाशे काढणाऱ्या बाईच्या हातून ही चूक झाली, रात्र रात्र झोप नाही. शेवटी त्या पोर्चला भिंती घालून खोली केली, एसीचा डक्ट तिथे नेला आणि ती आज आमची देवघराची खोली आहे. ट्रक आल्यानंतर पत्र आलं असतं तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

आकडा खरंच २,४०० लिव्हिंग एरिया निघाला तर कमिटीकडे लेखी व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, मागा. डिक्लरेशनमध्ये व्हेरियन्स द्यायचा अधिकार कमिटीला दिलाय का हे आधी बघा, नसेल तर कमिटीच्या चेअरमनने बार्बेक्यूला बांधा हो काही होत नाही म्हटलेल्याला काडीची किंमत नाही. प्लॉट चाळीसपेक्षा जास्त असलेल्या एचओएला टेक्सासात २०२१ पासून काही बंधनं आहेत, बोर्डावरचा माणूस किंवा त्याचा नवरा किंवा बायको आर्किटेक्चरल कमिटीवर बसू शकत नाही, नकार द्यायचा तर कारणासकट लेखी द्यावा लागतो, आणि नोटीस पोस्टात टाकल्यापासून तीस दिवसांत तुम्ही बोर्डापुढे सुनावणी मागू शकता. डेव्हलपरच्या ताब्यात अजून सबडिव्हिजन असेल तर हे लागू होत नाही, तुमच्याकडे अर्धे प्लॉट रिकामे दिसताहेत म्हणजे हे विचारून घ्या. नियमच बदलायचा तर मालकांची मतं लागतात, टेक्सासचा कायदा एकूण मतांच्या ६७ टक्के म्हणतो, डिक्लरेशनमध्ये त्यापेक्षा कमी लिहिलं असेल तर तेवढी. ते एका घरासाठी जमवणं फार अवघड आहे हे सांगितलेलं बरं.

तसंच बांधून टाकावं, बघू कोण येतंय, असा सल्ला तुम्हाला कोणी तरी देणारच. देऊ दे, ऐकू नका. कोर्ट काम थांबवायचा आदेश देऊ शकतं, नियम मोडल्याच्या प्रत्येक दिवसाला २०० डॉलरपर्यंत भरपाई लावू शकतं आणि जिंकणाऱ्याच्या वकिलाचे पैसेही हरणाऱ्याच्या डोक्यावर येतात. आणि तुमच्याआधी आणखी चौघांनी कमी आकाराची घरं बांधलीत आणि कोणी बोललं नाही असं असेल तर तो मुद्दा वकिलाला नक्की सांगा, नियम इतका मोडला गेलाय की आता त्याला अर्थ उरला नाही असं कोर्ट कधी कधी मानतं, पण चार घरांवर ते होईल असं धरून काँक्रीट ओतू नका.

राहिला पैशाचा हिशोब. ८०० फूट जास्त म्हणजे बिल्डरच्या दराने गुणा, हे तुम्ही केलंच असेल. पण टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि प्रॉपर्टी टॅक्स त्यामुळे जड आहे, तो दरवर्षी त्या ८०० फुटांवरही भरायचाय, त्यांना ऑगस्टमध्ये थंड ठेवायचंय, इन्शुरन्स आहे. हे सगळं मांडून बघा आणि न झेपणारं असेल तर प्लॉट विकून दुसरीकडे घ्यायचा विचार मनातून काढू नका, त्यात काही कमीपणा नाही. आणि आईवडील पुढेमागे राहायला येणार असतील तर खालचा शुगरलँडच्या ताईंचा प्रश्नही वाचा.

प्रश्न: सासू-सासरे नाशिकहून दरवर्षी सहा महिने येतात. शुगरलँडमध्ये आमचं बॅकयार्ड मोठं आहे, त्यांना तिथे ५०० फुटांची वेगळी छोटी कॉटेज बांधून द्यायची, स्वतःचं किचन, सासूबाईंचं सोवळं-ओवळं असतं. एचओए नाही म्हणते. स्वतःच्या आईवडिलांनाही ठेवायचं नाही का?

ताई, पत्र वाचून वाईट वाटलं आणि राग समजू शकते. पण एचओए आईवडिलांना नाही म्हणत नाहीये, दुसऱ्या बिल्डिंगला म्हणतेय, आणि हा फरक तुमच्या कामाचा आहे. एका प्लॉटवर एक सिंगल फॅमिली रेसिडेन्स एवढीच परवानगी असा शब्द बहुतेक कागदांत असतो. टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सॅन अँटोनिओजवळच्या टिंबरवुड पार्कच्या केसमध्ये, म्हणजे एका घरमालकाने थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्यावरून झालेल्या भांडणात, हेच धरलं की सिंगल फॅमिली हे शब्द बांधायच्या इमारतीबद्दल आहेत, आणि कागदात नसलेली बंधनं कोर्टाने त्यात घुसवायची नाहीत. म्हणजे कागदात जे लिहिलंय त्याच्या आत तुम्हाला काय करता येतं ते शोधायचं.

करता येतं ते असं की वेगळी कॉटेज सोडून द्या आणि तीच खोली घराला जोडून काढा. एक बेडरूम, बाथरूम, छोटा हॉल, बाहेर जायला स्वतंत्र दार, पण छप्पर एक, भिंत एक, आतून घरात यायचं दार. ही झाली अॅडिशन, दुसरं घर नाही. किचनचं मात्र सांभाळून, कारण पूर्ण स्टोव्ह आणि ओव्हन दिसला की अनेक कमिट्या त्याला दुसरं बिऱ्हाड मानतात, त्याऐवजी सिंक, छोटा फ्रीज, ओटा असं दाखवलं तर बहुतेक वेळा पास होतं. सासूबाईंचा स्वयंपाक प्लग लावायच्या इंडक्शनवर होईल का एवढं त्यांनाच विचारा, मी असे दोन नकाशे केलेत आणि दोन्ही आज्या खूष आहेत. नळाशेजारी लाकडी फळी टांगून घेतली होती एकीने, पाट ठेवायला. शुगरलँड शहराचं झोनिंग आहे, त्यामुळे तुम्हाला कमिटी आणि शहर दोन्हीकडे जावं लागेल, आणि एकाचा होकार दुसऱ्याकडे चालत नाही. मागच्या आणि बाजूच्या सेटबॅकमध्ये, म्हणजे मोकळ्या सोडायच्या जागेत, अॅडिशन घुसत नाही ना, पाणी-विजेच्या लाइनींसाठी राखलेल्या युटिलिटी इझमेंटवर येत नाही ना, हे सर्व्हेवर आखून घ्या.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी हे उत्तर जसंच्या तसं घेऊ नये. तिकडे २०२० पासून एचओएला सिंगल फॅमिली प्लॉटवर अशा छोट्या जोडघराला सरसकट बंदी घालता येत नाही. टेक्सासात असं संरक्षण नाही.

आणि वर ब्रुकशायरच्या जोडप्याला हाही प्रश्न वाचा म्हटलं, त्याचं कारण आता. जोडून काढलेली, एसी असलेली ही खोली लिव्हिंग एरियात मोजली जाते. ब्रुकशायरच्या जोडप्याला ज्या ८०० फुटांचं ओझं वाटतंय त्यात आजी-आजोबांची अशी खोली सहज बसते. नुसता मोठा हॉल वाढवून आकडा गाठण्यापेक्षा हे मला केव्हाही पटतं.

प्रश्न: एडिसन, न्यू जर्सीहून लिहितोय. इथे टाउनशिपच, म्हणजे गावाची नगरपालिकाच, जर म्हणाली की घर इतकं मोठंच पाहिजे तर? तेही मान्यच करायचं?

टाउनशिपचा नियम आणि डेव्हलपरचा करार यांना कोर्ट एका तराजूत तोलत नाही, आणि तुमच्या राज्यात याचा इतिहासच आहे. १९५२ मध्ये वेन टाउनशिपच्या केसमध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने एकमजली घराला कमीत कमी ७६८ स्क्वेअर फुटांची अट योग्य ठरवली होती. आरोग्य, वस्तीचं रूप वगैरे कारणं. नंतर १९७९ मध्ये बर्लिन टाउनशिपच्या केसमध्ये त्याच कोर्टाने उलटा विचार केला. आरोग्याचं कारण सांगताय तर घरात माणसं किती त्यावर आकडा ठरायला हवा, दोघांच्या घरालाही तोच आणि आठांच्या घरालाही तोच असेल तर त्याचा आरोग्याशी संबंध काय, तो फक्त स्वस्त घरं बाहेर ठेवतो. मला हा युक्तिवाद अतिशय स्वच्छ वाटतो. कनेक्टिकटमध्ये १९८८ ला ईस्ट हॅम्प्टनची १,३०० फुटांची अटही अशीच पडली.

सगळीकडे अशा अटी पडल्या असं समजू नका, काही गावांत त्या नंतरही राहिल्या. जॉर्जियात कॅल्हून नावाच्या गावात एका समाजसेवी संस्थेला गरजूंसाठी ५४०-६०० फुटांच्या कॉटेज बांधायच्या होत्या, गावाची अट १,१५० ची, आणि २०२१ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. आणि बघा, बांधकामाचा जो मॉडेल कोड देशभर वापरतात त्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये एक तरी खोली १२० फुटांची हवी अशी जुनी अट होती ती २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली, आता राहायची खोली ७० फुटांची आणि कुठल्याही बाजूने ७ फुटांपेक्षा अरुंद नको इतकंच. म्हणजे सुरक्षित, निरोगी घरासाठी किती जागा लागते याचं तज्ज्ञांचं उत्तर फार छोटं आहे, १,१५० आणि २,४०० हे आकडे कुठून तरी दुसरीकडून येतात.

प्रश्न: कुठून येतात मग? आमच्या ह्यूस्टनच्या जुन्या घराच्या कागदांत तर फक्त गोऱ्यांनी राहावं असंही एक कलम निघालं. अंगावर काटा आला.

माझ्याही आला होता, पहिल्यांदा असा कागद हातात आला तेव्हा. टाइपरायटरवर नीट टाइप केलेलं कलम, त्याच्या खालच्याच ओळीत घराची किंमत कमीत कमी इतके हजार डॉलर असावी असं, आणि त्याखाली कोंबड्या पाळू नयेत. तिन्ही एका दमात लिहिलेली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅन्सस सिटीत जे. सी. निकोल्स नावाच्या डेव्हलपरने कंट्री क्लब डिस्ट्रिक्ट वसवलं, त्याने असे करार फार पद्धतशीर वापरले, मुदत संपली की मालकांनी नको म्हटल्याशिवाय आपोआप पुढे चालू राहतील अशी रचनाही केली, आणि देशभरच्या डेव्हलपरांनी ते उचललं. १९३४ नंतर सरकारी फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन कर्जाला हमी द्यायला लागलं तर त्यांनीही असे करार असलेल्या वस्त्या पसंत केल्या. घराच्या कमीत कमी किंमतीचं कलम महागाईने निकामी झालं, पाच हजारांत काय येतं नंतर, म्हणून त्याच्या जागी स्क्वेअर फूट आले. स्क्वेअर फुटाला महागाई लागत नाही.

वंशाच्या कलमांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत असावं. सेंट लुइसच्या शेली कुटुंबाच्या केसमध्ये १९४८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोर्टं अशा कलमांची अंमलबजावणी करणार नाहीत, आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग अॅक्टने तो भेदभावच बेकायदा केला. कागदावर मात्र ती ओळ राहून गेली. टेक्सासात २०२१ पासून मालकाला कोर्टात अर्ज करून ती रेकॉर्डमधून काढून घेता येते, तुम्ही ते करा असं मी मनापासून सांगेन. त्या कलमात आपल्याही मुलांना जागा नव्हती, कॉकेशियन वंशाखेरीज कोणी नको असं अनेक ठिकाणी लिहिलेलं होतं.

मग मिनिमम आकाराचं कलमही तसलंच का, असं तुम्ही पुढे विचारलंय. कायद्याने नाही, ते चालतं. मला विचाराल तर ते मला आवडत नाही, दोन शिक्षक किंवा एक नर्स आणि तिचं मूल यांना चांगल्या शाळेजवळ १,२०० फुटांचं घर बांधू न देण्यात कुठला शेजारधर्म आहे मला कळत नाही. पण तो करार वाचून, त्यावर विश्वास ठेवून शेजाऱ्याने आयुष्याची कमाई तिथे घातलेली असते, त्यालाही मी वाईट ठरवू शकत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच असतं की नियम पटत नसेल तर त्या सबडिव्हिजनमध्ये प्लॉट घेण्याआधी भांडा किंवा घेऊच नका. टेक्सासने २०२५ मध्ये मोठ्या शहरांवर बंधन घातलं की पाच एकर किंवा जास्त जागेच्या नव्या सबडिव्हिजनमध्ये ३,००० फुटांपेक्षा मोठ्या प्लॉटची सक्ती करता येणार नाही, ते चांगलंच झालं, पण ते शहरांना, डेव्हलपरच्या करारांना नाही.

तुमच्यासाठी एक आणखी. ह्यूस्टनच्या मतदारांनी १९४८, १९६२ आणि १९९३ अशी तीनदा झोनिंगला नकार दिला, त्यामुळे इथे डीड रिस्ट्रिक्शन्सनाच मोठं वजन आहे, इतकं की शहराचा कायदा विभागसुद्धा ती मोडणाऱ्यावर दावा लावू शकतो. जुनं आहे, एचओए नाही, म्हणून कागद मेला असं समजून मागे काही बांधायला जाऊ नका.

प्रश्न: मी पुण्यात असतो, मुलगा डॅलसजवळ फ्रिस्कोला घर बांधतोय. दार पूर्वेला हवं आणि अंगणात तुळशी वृंदावन हवं एवढी आमची इच्छा. तो म्हणतो बाबा इथे चालत नाही. खरं का?

काका, वृंदावन चालतं. टेक्सासच्या कायद्याने मनापासूनच्या श्रद्धेतून घरावर किंवा अंगणात ठेवलेल्या धार्मिक वस्तूंना एचओए बंदी करू शकत नाही, आधी हे दारापुरतंच होतं, २०२१ मध्ये अंगणापर्यंत वाढवलं. फक्त ते बिल्डिंग लाइनच्या किंवा इझमेंटच्या पलीकडे, रस्त्याकडे नको आणि कोणाला इजा होईल असं नको. मुलाला म्हणावं सर्व्हेवर जागा आखून घे. हिवाळ्यात तिकडे गारठा पडतो, तुळस कुंडीत लावून वृंदावनावर ठेवली तर आत नेता येते.

दाराचं मात्र तो बरोबर सांगतोय. घराचं तोंड रस्त्याकडे हवं असं बहुतेक कागदांत असतं, प्लॉट घेतल्यावर ते फिरवता येत नाही. प्लॉट अजून घेतला नसेल तर उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्याच्या पश्चिमेच्या बाजूचा निवडायचा, त्याचं तोंड आपोआप पूर्वेला येतं. घेऊन झाला असेल तर त्याला त्रास देऊ नका काका, देवघराचं तोंड पूर्वेला करता येईल.

प्रश्न: ताई मी ऑस्टिनला आहे, २७ वर्षांचा, चाकांवरचं ३०० फुटांचं टायनी हाउस घ्यायचंय, ड्रिपिंग स्प्रिंग्जच्या बाजूला प्लॉट बघतोय. चालेल?

सबडिव्हिजनमधला प्लॉट असेल तर बहुतेक नाही. मिनिमम आकार राहू दे, मोबाइल होम आणि आरव्ही म्हणजे राहायची गाडी ठेवू नये असं वेगळं कलम असतंच. वर सांगितलेल्या बांधकामाच्या मॉडेल कोडमध्ये २०१८ पासून ४०० फुटांपर्यंतच्या टायनी हाउससाठी वेगळी पुरवणी आहे, पण ती पक्क्या पायावरच्या घरांसाठी आणि करारापुढे तिचा उपयोग नाही. जाहिरातीत अनरिस्ट्रिक्टेड असं लिहिलेली जमीन शोध, आणि लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नकोस, टायटल कमिटमेंट आलं की शेड्यूल बी उघडून बघ. कॉन्ट्रॅक्टमध्ये ऑप्शन पिरियड घे, थोडे पैसे जातात पण तेवढ्या दिवसांत कागद वाचून न आवडल्यास बाहेर पडता येतं. सेप्टिकचं काउंटीला आधी विचार, तिकडे खडक वर आहे आणि छोट्या घरालाही सेप्टिक लागतंच.

प्रश्न: तळेगावजवळ एनए बंगलो स्कीममध्ये प्लॉट घेतोय. डेव्हलपरच्या अॅग्रीमेंटमध्ये दोन वर्षांत कमीत कमी १,५०० फुटांचा बंगला बांधायचाच असं आहे. आपल्याकडे हे चालतं का?

मुळं एकच आहेत. १८४८ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधली बाग मोकळी ठेवायच्या वचनावरून टल्क आणि मॉक्से यांची केस झाली, पुढच्या मालकालाही ते वचन माहीत असेल तर पाळावं लागेल असं ठरलं, आणि आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ४० मधून तोच विचार आला. पण त्यात मुख्य गोष्ट अशी की पुढच्या मालकाला बांधतं ते अमुक करू नका असं वचन. अमुक कराच, म्हणजे बंगला बांधाच, हे वचन तुम्ही सही केली म्हणून तुम्हाला बांधेल, तुमच्याकडून पुढे विकत घेणाऱ्याला बांधेलच असं नाही. म्हणून सहीच्या आधी बोला. १,५०० फूट कार्पेट की बिल्ट-अप, दोन वर्षं प्लॉटच्या ताब्यापासून की अॅग्रीमेंटपासून, रस्ता आणि वीज वेळेत मिळाली नाही तर मुदत वाढते का, आणि नाही बांधलं तर दंड की प्लॉट परत, हे सगळं लिहून घ्या. सातबारा, एनए ऑर्डर आणि मंजूर लेआउट तिघांवरचे नंबर जुळतात का तेही त्याच बैठकीत टेबलावर ठेवून बघा, फोटोकॉपीवर नको, मूळ कागद आणायला सांगा.